दोन रोशा, भाव मात्र एकच!

(सामूहिक वनहक्क शिबिरात दुपारच्या सत्रात एका कार्यकर्तीने केलेल्या बोलण्याचा मजकूर. बोललेलं जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.)



मला गौण वनोपजावर बोलायला सांगितलंय. गौण वनोपज म्हटलं की सगळे मोह, तेंदूपत्ता, चारोळी, डिंक यांवर बोलतात. ते बोललंच पाहिजे, पण त्याच्यावर सकाळी बोलून झालं. मी आज गवतावर बोलणार. हसू नका. एका कचेरीत आपल्या दाव्याचा कागद वाचून असंच हसले होते. म्हणाले, "गवत म्हणजे गवत, त्याचा कसला दावा करता?" तर त्या हसण्याचं उत्तर आपण आज तयार करू.

मी रोशाबद्दल बोलतेय. कोणी तिखाडी म्हणतं, कोणी रोहिश म्हणतं, मध्य प्रदेशात रूसा म्हणतात. पावसाळा संपता संपता डोंगरावर माणसाच्या डोक्याच्या वर जातं, तुरे लालसर होतात, आणि नुसतं मधून चालत गेलं तरी अंगाला वास लागतो. गवती चहा या रोशाचाच भाऊबंद आहे. त्याचा वास लिंबासारखा, याचा वेगळा. हे सगळ्यांना माहीत आहे.

पण पुढचं सांगा. रोशा एक का दोन?

बघा, तरणी पोरं म्हणतात एक. म्हाताऱ्या बाया म्हणतात दोन. म्हाताऱ्यांचं बरोबर आहे. पुस्तकातसुद्धा दोनच आहेत. त्यांना व्यापारात मोतिया आणि सोफिया म्हणतात. शास्त्रीय नाव दोघांचं एकच, सिम्बोपोगॉन मार्टिनी. म्हणजे जात एक, पण तिचे दोन प्रकार. मोतियाच्या तेलाला बाहेर पामारोझा म्हणतात, सोफियाच्या तेलाला जिंजरग्रास. जिंजर म्हणजे आलं.

आता फरक कसा ओळखायचा ते सांगते.

दिसण्यावर जाऊ नका. दोन्ही इतके सारखे दिसतात की वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना पाहून शिकलेला माणूससुद्धा फसतो. म्हणून पहिलं, जागा बघा. मोतिया उघड्या, उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर येतो. जिथं झाडं विरळ, मुरूम-खडक, दिवसभर ऊन, तिथं मोतिया. सोफियाला दाट जंगल, सावली आणि ओल चालते. पण जागेवरच विसंबू नका, कारण कधी कधी एकाच डोंगरावर दोन्ही असतात, वर एक आणि खालच्या बाजूला दुसरा.

म्हणून दुसरं, वास घ्या. पात आणि तुरा दोन्ही हातांत चोळा. मोतियाचा वास गोड, गुलाबाच्या जवळ जाणारा. सोफियाचा वास जड आणि तिखट, आल्यासारखा, मसाल्यासारखा. माझी आजी डोळे मिटून सांगते. मी बारावीपर्यंत शिकले, रसायनशास्त्राचं पुस्तक पाठ केलं, पण हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही, आजीनेच शिकवलं.

आजीच्या नाकाला जे कळतं ते प्रयोगशाळेत मोजता येतं. वासाच्या तेलात बरेच पदार्थ मिसळलेले असतात. त्यातल्या एकाचं नाव जिरॅनिऑल. गुलाबाच्या तेलातही हा जिरॅनिऑल असतो, म्हणून मोतियाचा वास गुलाबाकडे झुकतो. चांगल्या मोतिया तेलात शंभर भागांत ७५ ते ९० भाग जिरॅनिऑल असतो. सोफियात तो बराच कमी असतो आणि दुसरे पदार्थ जास्त असतात, म्हणून त्याचा वास तिखट. अत्तरवाला, साबणवाला पैसे मोजतो ते या जिरॅनिऑलचे. मोतियाचं तेल अत्तरात, उंची साबणात, सौंदर्यप्रसाधनांत जातं. सोफियाचं तेल स्वस्त साबणात आणि हलक्या वासाच्या मालात जातं. म्हणून बाजारात मोतियाला भाव जास्त आणि सोफियाला कमी. हे काही गुपित नाही. व्यापाऱ्याला माहीत आहे, कारखानदाराला माहीत आहे. फक्त भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही.

औषधाचंही सांगते, कारण भगत आणि वैदू मंडळी इथे बसली आहेत. कंबर धरली, गुडघे दुखले, सांधे आखडले तर आपण रोशाचं तेल चोळतो. मच्छर लांब ठेवायलाही लावतो. दोन्ही रोशा त्या कामाला चालतात. त्यासाठी सोफिया टाकाऊ नाही, हे लक्षात ठेवा. पण एक सांगते. हे तेल फार जोरकस असतं. दुसऱ्या साध्या तेलात थोडं मिसळूनच चोळायचं, डोळ्याजवळ न्यायचं नाही, लेकरांच्या हाताला लागू द्यायचं नाही, आणि पोटात तर घ्यायचंच नाही.

आता पैशाचा हिशेब करू. फळ्यावर लिहिते.

१०० किलो हिरवं गवत भट्टीत घातलं तर तेल किती निघतं? अर्धा किलोसुद्धा नाही. ३००-४०० ग्रॅम धरा. तेल पानांत आणि तुऱ्यात असतं, देठात जवळजवळ नसतं. म्हणून देठ जास्त आले तर त्याहूनही कमी. एक भारा २० किलोचा धरला तर १ किलो तेलाला साधारण तेरा ते सतरा भारे लागतात. म्हणजे एका बाईच्या तेरा ते सतरा खेपा, डोंगर चढून-उतरून. तिला पैसे मिळतात भाऱ्याचे. पुढे विक्री होते तेलाची. आणि ती भाऱ्यात मोतिया आणते का सोफिया, हे कोणी विचारत नाही, सगळ्या भाऱ्यांना एकच भाव. विचारत नाहीत म्हणजे कळत नाही असं समजू नका. आमच्याकडे येणारा माणूस भारा ठेवला की आधी एक तुरा तोडून नाकाला लावतो आणि मग भारे दोन ढिगांत वेगळे टाकतो. भाव मात्र दोन्ही ढिगांना सोफियाचाच!

साथींनो, फसवणूक म्हणजे दर वेळी वजनकाट्यात खोट असते असं नाही. ज्या गोष्टीला दोन नावं आहेत तिला एकच नाव दिलं तरी माणूस लुबाडला जातो.

हे आजचं नाही. म्हणून थोडा इतिहास सांगते, आणि तो नुसता ऐकायला नाही, दाव्याला लावायला सांगते.

इंग्रजांच्या काळात सरकारने प्रत्येक जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं. तेव्हा धुळे, नंदुरबार, जळगाव असे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मिळून एक खानदेश होता. खानदेशाचं गॅझेटियर १८८० साली छापलं गेलं. त्यात आपल्या रोशाचं वर्णन आहे. त्यात असं आहे की तेलाचा हा धंदा आधी पिंपळनेरला होता, पण गवत नंदुरबार आणि तळोदा भागात जास्त म्हणून धंदा इकडे सरकला. पावसाळा सरता सरता, गवत तयार व्हायला लागलं की तेल काढणारे मुसलमान कारागीर यायचे आणि भिल्लांकडून गवत विकत घ्यायचे. जिथं लाकूड आणि पाणी आहे अशा ओढ्याच्या काठी भट्ट्या लावायचे. मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी, तोंड बंद करून पक्कं लिंपलेलं, वरून बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं टोक गार पाण्यात बुडवलेल्या भांड्यात. वाफ गार झाली की पाण्यावर तेल तरंगायचं.

यातले दोन शब्द वहीत लिहून घ्या : "भिल्लांकडून विकत". म्हणजे १८८० च्या आधीपासून हे गवत कापणारे आपण आहोत आणि विकणारेही आपण आहोत, हे सरकारच्याच छापील पुस्तकात आहे.

आणि तेल जायचं कुठे? मुंबईच्या बंदरातून जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि तिथून तुर्कस्तानात कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथं त्यात लिंबाचा रस टाकून, उन्हात ठेवून त्याचा रंग-वास साफ करायचे आणि महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम तेल म्हणायचे. म्हणजे गवत सातपुड्याचं, नाव तुर्कस्तानचं, विकलं गेलं गुलाब म्हणून! कापणाऱ्याचा पत्ता कुठेच नाही.

गवताचं शास्त्रीय नावसुद्धा बघा. मार्टिनी म्हणजे कोण? जनरल क्लॉड मार्टिन नावाचा फ्रेंच माणूस. तो कंपनीच्या फौजेत होता. टिपू सुलतानाशी लढाई चालली होती तेव्हा दक्षिणेत बालाघाटच्या डोंगराळ मुलखात त्याने या गवताचं बी गोळा केलं, लखनौला लावलं आणि पुढे कलकत्त्याला शास्त्रज्ञाकडे पाठवलं. त्याचं नाव गवताला लागलं. त्याच्या आधी ते गवत ओळखणारी, औषधाला वापरणारी माणसं त्या डोंगरात होतीच की! त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत.

आणि गॅझेटियर लिहिलं जात होतं त्याच सुमाराला, १८७८ साली, इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला. जंगल राखीव झालं. पुस्तकात लिहिलं की भिल्ल गवत विकतात, आणि कायद्यात लिहिलं की राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही नेलं तर गुन्हा. पुढे १९२७ चा कायदा आला, त्यातही तेच. स्वातंत्र्य आलं तरी तो कायदा राहिला. आपल्या आजोबा-पणजोबांनी गवताच्या भाऱ्यासाठी दंड भरले, कोंबड्या दिल्या, कोयते जप्त करून घेतले. हे तुमच्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

आता आपल्या हातात काय आहे? २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यातलं तीन गोष्टींपुरतं सांगते.

पहिली गोष्ट. गौण वनोपज म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात आहे. झाडोऱ्यातून मिळणारं, इमारती लाकूड सोडून सगळं. बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, आणि औषधी वनस्पती, मुळं, कंद वगैरे नावानिशी लिहिलंय. म्हणून "गवताचा कसला दावा" म्हणणाऱ्याला सांगायचं की साहेब, हे चाऱ्याचं गवत म्हणून नाही, औषधी आणि सुगंधी वनस्पती म्हणून मागतोय. आणि चराईचा हक्क कायद्यात वेगळा आहे, तो त्याच्या जागी मागतोच आहोत.

दुसरी गोष्ट. कलम ३, पोटकलम १, त्यातलं सी. गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्यासाठी जंगलात जाण्याचा हक्क, वापरण्याचा हक्क आणि विल्हेवाटीचा म्हणजे विकण्याचा हक्क. गावाच्या हद्दीतलं आणि हद्दीबाहेरचंही, पण परंपरेने गोळा करत आलेलं पाहिजे. मालकी शब्द नीट ऐका. परवानगी नाही, सवलत नाही, मालकी. आणि परंपरा दाखवायला पुरावा लागतो. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर आहे! दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब आहे. सामूहिक हक्कासाठी वैदू लोकांच्या औषधी वनस्पती गोळा करण्याच्या जागा, हा सुद्धा पुरावा म्हणून लिहिलेला आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लावायचे असतात. आपल्याकडे तिन्ही आहेत.

तिसरी गोष्ट. २००८ च्या नियमांत माल नेण्याची साधनं म्हणजे डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढीच लिहिली होती. जणू आदिवासीने गाडीत बसूच नये. २०१२ मध्ये नियम सुधारले. आता साठवणं, एकट्याने किंवा मिळून प्रक्रिया करणं, योग्य त्या वाहनाने जंगलाच्या आत-बाहेर नेणं आणि विकणं हे सगळं हक्कात आलं. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो. गोळा करण्यावर रॉयल्टी नाही, फी नाही. प्रक्रिया म्हणजे काय? आपल्या गोष्टीत प्रक्रिया म्हणजे भट्टी! १८८० मध्ये आपण गवत विकत होतो, तेल दुसरे काढत होते. आज कायद्याने तेलही आपण काढू शकतो.

पण साथींनो, हक्क मागताना आपल्या बाजूचंही खरं बोललं पाहिजे. चार गोष्टी बोलते, कोणाला लागलं तरी चालेल.

एक. आता बाजारात येणारं बरंचसं मोतिया तेल जंगलातलं नसतं, शेतात लावलेल्या रोशाचं असतं. लखनौच्या सरकारी संस्थेने, सीमॅपने, तृष्णा, तृप्ता अशी सुधारित वाणं काढली आहेत. त्यांचं मूळही रानातलंच गवत, पण आज ती आपल्या मालाशी बाजारात उभी आहेत. म्हणून "आमचं जंगलाचं तेल आहे" एवढं म्हणून भाव मिळणार नाही. माल चोख पाहिजे. मोतियात सोफिया मिसळला की घाण्याचा सगळा माल सोफियाच्या भावाला जातो. भट्टीसुद्धा आधी सोफियाला वापरली आणि तशीच मोतियाला लावली तर वास लागतो. म्हणजे ढीग वेगळे, भट्टी धुतलेली आणि डबे वेगळे.

दोन. कापायची वेळ. तेल भरतं फुलोऱ्यात, बी धरायला लागतं तेव्हा. लवकर कापलं तर तेल कमी, फार उशीर केला तर गवत वाळतं आणि तेल उडून जातं. पण सगळंच फुलोऱ्यात कापलं तर बी पडणार कुठून? म्हणून दर वर्षी डोंगराचा एक पट्टा बियासाठी राखायचा, आणि तो पट्टा दर वर्षी बदलायचा. मुळासकट उपटायचं नाही, वीतभर बुडखा ठेवून कापायचं. भाव मोतियाला आहे म्हणून सगळे मोतियावर तुटून पडलो तर पाच-सात वर्षांत उतार बोडका होईल, मग कायद्यातली मालकी कसली, मुरमाची?

तीन. जळण. भट्टीला तीन-चार तास जाळ लागतो. त्यासाठी हिरवी झाडं तोडली तर आपणच वनखात्याच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. तेल काढून उरलेलं गवत वाळवलं की चांगलं जळतं, पुढच्या घाण्याला तेच वापरायचं. याच कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल, पाणी, जीव सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. ती नुसती जबाबदारी नाही, तो आपला अधिकार आहे, बाहेरच्याने येऊन आपल्या नावावर जंगल ओरबाडू नये म्हणून.

चार. बायांचं. गवत कापतात बाया, वास ओळखतात बाया, भारा वाहतात बाया. आणि समितीत सह्या कोणाच्या? दावा लिहिताना जबाब घेतले ते सगळे पुरुषांचे. माझं म्हणणं एवढंच की रोशाच्या जबाबात निदान अर्ध्या म्हाताऱ्या बाया पाहिजेत. ज्याला मोतिया-सोफिया चोळून ओळखता येत नाही त्याचा जबाब घेऊन काय करायचं?

गुरांचा प्रश्न काही जणांनी सकाळी विचारला. कोवळा रोशा गुरं खातात, मग राखलेल्या पट्ट्यात गुरं कुठून न्यायची? हा खरा प्रश्न आहे. तो इथे मी सोडवणार नाही. ज्याची गुरं जास्त आणि ज्याची काहीच नाहीत अशी दोन्ही घरं ग्रामसभेत समोरासमोर बसवून तो सोडवायला पाहिजे. शिबिरात वरून ठरवलं तर पाड्यात भांडण होईल.

आता काम सांगते. पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे. तोपर्यंत प्रत्येक पाड्याने पाच गोष्टी करून आणायच्या.

१. दोन जाणत्या बाया, एक भगत किंवा वैदू आणि दोन तरणी पोरं मिळून डोंगर फिरायचा. मोतिया कुठे, सोफिया कुठे, कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत, हे हाताने काढलेल्या नकाशावर दोन रंगांत दाखवायचं. जागांची नावं आपल्या बोलीतलीच लिहायची. आत्ता उन्हाळ्यात गवत वाळलेलं असलं तरी बुडखे आणि जागा जाणत्यांना माहीत आहेत. फुलोऱ्यात पुन्हा फिरून पक्कं करायचं.

२. निदान चार म्हाताऱ्या माणसांचे जबाब. कधीपासून कापतो, कोण विकत घ्यायचं, भट्ट्या कोणत्या ओढ्यावर होत्या, दंड कधी भरला, सगळं. जुन्या भट्टीचे दगड किंवा खड्डा राहिला असेल तर त्याची जागा नकाशावर दाखवायची.

३. खानदेश गॅझेटियरमधल्या त्या पानांची प्रत आपण कार्यालयात ठेवतोय. इंग्रजीत आहे, मराठी सारांश जोडून देऊ. ती दाव्याच्या फाईलला लावायची.

४. दाव्यात नुसतं "गवत" लिहायचं नाही. "रोशा (तिखाडी), मोतिया व सोफिया हे दोन्ही प्रकार, औषधी व सुगंधी गौण वनोपज" असं लिहायचं. आधी दावा केला असेल तर ग्रामसभेच्या ठरावाने पुरवणी जोडायची आणि पोच घ्यायचीच. पोच नाही तर कागद दिला नाही असं समजा.

५. या हंगामात व्यापारी आला तर ढीग आपणच वेगळे करून ठेवायचे आणि दोन भाव मागायचे. एका पाड्याने मागितले तर तो दुसऱ्या पाड्यात जाईल. म्हणून सगळ्या पाड्यांनी एकाच आठवड्यात मागायचे.

भट्टीचं मी आज ठरवा म्हणत नाही. आधी कायद्याचा कागद, मग दोन ढीग, मग भट्टी. एका पाड्याला परवडणार नाही, चार-पाच पाडे मिळून एक चालेल. त्याचा खर्च, माणसं आणि तेल विकणार कोणाला याचा हिशेब घेऊन पुढच्या बैठकीत बोलू.

जे आपल्या नाकाला कळतं ते कागदावर आलं पाहिजे. कागदावर आलं की त्याचा भाव मागता येतो, आणि भाव नाही दिला तर भांडता येतं. एवढंच सांगायचं होतं.

जिंदाबाद!